सीमेक ४ नंतर पॅकेज बिल्ड होत नाही: लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

सीमेक हे सोर्स कोडपासून प्रोग्राम बांधायची (बिल्डची) तयारी करून देणारं साधन. मार्च २०२५ मध्ये त्याची ४.० ही आवृत्ती आली आणि त्यातून ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी जुळवून घेण्याची सोय काढून टाकली गेली. ३.५ हीच मुळात २०१६ ची आवृत्ती. ज्या प्रकल्पाच्या सीमेकलिस्ट्स (बिल्डच्या सूचनांच्या) फाइलमध्ये पहिल्या ओळीत किमान आवृत्ती २.८ किंवा ३.० लिहिलेली आहे, तो नव्या सीमेकवर कॉन्फिगरच होत नाही, म्हणजे बिल्डआधीची मांडणीच होत नाही. एकाच प्रकल्पात ही ओळ बदलायची तर दोन मिनिटांचं काम. पण मी ज्या निक्सपॅकेजेसमध्ये, म्हणजे निक्स या पॅकेज मॅनेजरच्या संग्रहात, स्वयंसेवक म्हणून पॅकेजेस सांभाळते, तिथे लाखाहून जास्त पॅकेजेस आहेत आणि त्यातल्या सीमेक वापरणाऱ्या बहुतेकांना एकच, सामायिक सीमेक मिळतं. ते बदललं की बिल्ड एकेक करून पडत नाहीत, ढिगानं पडतात. डेबियन, होमब्रू, जेंटू, फ्रीबीएसडी पोर्ट्स या दुसऱ्या संग्रहांकडेही काम हेच, फक्त हत्यारं वेगळी.

हा बिघाड मी पुन्हापुन्हा दुरुस्त केला आहे, आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे: बिल्ड हिरवं करणं, म्हणजे चुकीशिवाय पार पाडणं, सोपं असतं, पण हिरव्या बिल्डमधून आधीचीच वस्तू बाहेर पडते आहे का, हे कोणी बघत नाही. म्हणून खालच्या क्रमात पहिल्या तपासण्या फुकटातल्या आहेत, आणि जिथे खरा वेळ द्यायचा ती तपासणी बिल्ड पास झाल्यानंतरची आहे.

आदेश आणि व्हेरिएबलांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. व्हेरिएबलं प्रत्यक्षात मोठ्या अक्षरांत लिहायची, अंडरस्कोअर दाखवले आहेत तिथेच.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे कॉन्फिगर सुरू होताच येणारा हा संदेश: “कम्पॅटिबिलिटी विथ सीमेक < ३.५ हॅज बीन रिमूव्ह्ड फ्रॉम सीमेक”. त्याखाली सीमेक स्वतःच उपाय सुचवतं: किमान आवृत्ती वाढवा, किंवा किमान-कमाल अशी जोडी द्या, किंवा सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम ३.५ असा फ्लॅग (आदेशासोबतचा पर्याय) देऊन बघा.

दुसरं लक्षण: “पॉलिसी अमुक मे नॉट बी सेट टू ओल्ड बिहेविअर”. सीमेकची वागणूक बदलते तिथे जुनी वापरायची की नवी, हे पॉलिसी ठरवते; इथे प्रकल्पानं एखादी जुनी वागणूक मुद्दाम मागून घेतलेली असते आणि ती आता शिल्लक नाही. वरचा फ्लॅग यावर काहीही करत नाही. हे दोन संदेश एकसारखे दिसतात म्हणून लोक तोच फ्लॅग इथेही लावतात आणि तो का चालत नाही म्हणून डोकं खाजवतात.

तिसरं: कॉन्फिगर नीट पार पडतं, संकलन सुरू होतं, आणि मध्येच कुठेतरी पहिल्या लक्षणातला संदेश येतो. बिल्डच्या आत दुसरं बिल्ड चालू आहे, असा याचा अर्थ.

चौथं: तुमच्या पॅकेजमध्ये जुनी ओळ कुठेच नाही, तरी तोच संदेश. फाइलचा पत्ता बघा, तो दुसऱ्याच पॅकेजचा असेल.

पाचवं: तुमच्या यंत्रावर सीमेक ३ आहे, तरी पिपनं (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनानं) सोर्समधून काही बसवताना हा संदेश येतो.

सहावं लक्षण सगळ्यात वाईट, कारण त्यात कुठलाही संदेश येत नाही. बिल्ड हिरवं. दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाचं तरी पॅकेज म्हणतं की अमुक लायब्ररीची आवृत्ती मिळत नाही. किंवा एखादा प्रोग्राम सुरू होतो आणि प्लगइन उघडताना “अनडिफाइन्ड सिम्बॉल” म्हणून कोसळतो.

आधी फक्त लॉग वाचा

यात काहीच बदलायचं नाही. लॉगमधली पहिली चूक शोधा, शेवटची नको. शेवटी दिसते ती बहुधा “कॉन्फिगरिंग इनकम्प्लीट” एवढीच ओळ, आणि त्यातून काहीही कळत नाही. पहिल्या चुकीत फाइलचा पूर्ण पत्ता आणि ओळीचा आकडा असतो. तो पत्ता तीनपैकी एका ठिकाणचा निघतो: पॅकेजच्या स्वतःच्या सोर्समधला, त्या सोर्समध्ये कॉपी करून ठेवलेल्या तिसऱ्या कुणाच्या लायब्ररीतला (थर्ड-पार्टी, व्हेंडर, डेप्स अशा नावांचे फोल्डर), किंवा आधीच बसवलेल्या दुसऱ्या पॅकेजच्या कॉन्फिग फाइलमधला. निक्समध्ये तिसरा प्रकार चटकन ओळखू येतो, कारण पत्ता निक्स स्टोअरपासून (निक्स पॅकेजेस ठेवतं त्या फोल्डरपासून) सुरू होतो.

हे आधी का बघायचं? कारण तिसऱ्या प्रकारात तुमच्या पॅकेजला हात लावणंच चूक आहे. समजा, एका लायब्ररीनं बसवलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये जुनी किमान आवृत्ती लिहिलेली आहे. ती फाइल फाइंड-पॅकेज या आदेशानं शोधणाऱ्या प्रत्येक पॅकेजला तोच त्रास होणार. तुम्ही आपल्या पॅकेजमध्ये फ्लॅग लावलात तर तुमचं भागेल, पण बाकीचे सगळे आपापल्या जागी तोच फ्लॅग लावत बसतील. दुरुस्ती एकदाच, मूळ लायब्ररीत.

कोणतं सीमेक चालतंय?

सीमेकची आवृत्ती छापून बघा, आणि ती बिल्डच्या आत छापा. तुमच्या शेलमधलं उत्तर इथे कामाचं नाही. पाचव्या लक्षणाचं मूळ इथेच सापडतं: पिप बिल्डसाठी वेगळं, स्वच्छ वातावरण तयार करतं आणि प्रकल्पानं गरजांच्या यादीत नुसतं “सीमेक” लिहिलं असेल तर पायपीआय या पायथनच्या संग्रहावरून सगळ्यात नवं सीमेक उतरवतं. तुमच्या यंत्रावर काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. उलट बाजूनंही हीच गंमत होते. डेबियन १३ मध्ये सीमेक ३.३१ आहे, तिथे काम करणाऱ्या अपस्ट्रीम (म्हणजे मूळ प्रकल्पाच्या) लेखकाला फक्त डेप्रिकेशनचा, म्हणजे ही सोय पुढे बंद होईल असा, इशारा दिसतो आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की माझ्याकडे सगळं चालतंय. त्याच्याशी वाद घालण्याआधी दोघांच्या आवृत्त्या शेजारी ठेवा.

याच टप्प्यावर जुनं बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून टाका. सीमेककॅश फाइल मागे राहिली तर काही नव्या बदलांचा परिणाम दिसत नाही. पुढे ज्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलबद्दल सांगणार आहे ते तर फक्त नवं बिल्ड फोल्डर पहिल्यांदा तयार होताना वाचलं जातं.

अपस्ट्रीमनं आधीच दुरुस्त केलंय का?

पॅच (सोर्समधला छोटा बदल) लिहायला बसण्याआधी प्रकल्पाची नवी आवृत्ती बघा, मग मुख्य शाखेवरची सीमेकलिस्ट्स फाइल. २०२५ मध्ये अनेक वितरणांनी (डेबियन, निक्ससारख्या संग्रहांनी) अपस्ट्रीमकडे पॅच पाठवले, त्यामुळे जिवंत प्रकल्पांत बहुधा काम झालेलं असतं आणि नवी आवृत्ती तेवढी निघालेली नसते. तसा कमिट (नोंदवलेला बदल) मिळाला तर तोच पॅच म्हणून घ्या. त्याचा फायदा असा की तो ज्यांना त्या प्रकल्पाचं बिल्ड माहीत आहे त्यांनी तपासलेला असतो, आणि पुढची आवृत्ती आल्यावर कोणता पॅच काढायचा ते आपोआप कळतं. इतर वितरणांचे पॅचही बघा. एकच ओळ दहा जणांनी दहा पद्धतीनं बदलणं हा नुसता वेळेचा अपव्यय.

सगळ्या जुन्या ओळी एकदम शोधा

पहिली चूक दुरुस्त केली की दुसरी येते, ती केली की तिसरी. मोठ्या पॅकेजचं बिल्ड तासभर चालत असेल तर या पद्धतीनं दिवस जातो. म्हणून सोर्स उलगडून एकदाच ग्रेप (मजकूर शोधणारा आदेश) करा. तीन गोष्टी शोधायच्या: सीमेक_मिनिमम_रिक्वायर्ड, सीमेक_पॉलिसी मध्ये व्हर्जन, आणि सीमेक_पॉलिसी मध्ये सेट करून शेवटी ओल्ड.

ग्रेप करताना अक्षरांचा लहानमोठेपणा दुर्लक्षित करण्याचा पर्याय जरूर लावा. सीमेकमध्ये आदेशांची नावं कोणत्याही केसमध्ये चालतात, आणि नेमक्या जुन्या प्रकल्पांत ती सगळी कॅपिटलमध्ये लिहायची पद्धत होती. आदेश आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडायचीही. नुसत्या लहान अक्षरांत शोधलंत तर ज्या फाइली बिघडणार आहेत त्याच निसटतील. फक्त सीमेकलिस्ट्स बघू नका. डॉट-सीमेक आणि डॉट-सीमेक-डॉट-इन फाइलीही घ्या, कारण बसवल्या जाणाऱ्या कॉन्फिग फाइली त्यांतूनच तयार होतात.

यादी हातात आली की काही ओळी गाळा. उदाहरणांच्या आणि चाचण्यांच्या फोल्डरमधल्या ज्या फाइली तुमच्या बिल्डमध्ये वाचल्याच जात नाहीत, त्या बदलायची गरज नाही.

फ्लॅग: कुठे चालतो, कुठे नाही

सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम हे व्हेरिएबल ४.० बरोबरच आलं. त्याला ३.५ दिलं की कमी आवृत्ती मागणाऱ्या प्रकल्पाला सीमेक ३.५ मागणारा समजून पुढे जातं. सोर्सला हात लागत नाही, म्हणून हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि निदानासाठी उत्तम. फ्लॅग लावला आणि सगळं चाललं तर अडचण फक्त त्या ओळींची होती. फ्लॅग तिथपर्यंत पोचूनही पडलं तर खरी अडचण बहुधा पॉलिसीची आहे.

फक्त फ्लॅगमधला आकडा ३.५ च्या वर नेऊ नका. “आता बदलतोच आहोत तर ४.० देऊ” हा मोह वाईट आहे. त्यामुळे ३.५ नंतर आलेल्या सगळ्या पॉलिसी एकदम नव्या वागणुकीवर जातात. ३.२७ च्या पॉलिसीमुळे फाइंडपायथनइंटर्प सापडेनासं होतं, ३.३० च्या पॉलिसीमुळे सीमेकबरोबर येणारं फाइंडबूस्ट. एका ओळीच्या बिघाडाचे तीन बिघाड होतात, आणि तिन्ही तुम्ही आणलेले.

हा फ्लॅग कुठपर्यंत पोचतो हे नीट समजून घ्या. फेचकंटेंट किंवा ॲड-सबडिरेक्टरीनं आत घेतलेले प्रकल्प त्याच सीमेक प्रक्रियेत वाचले जातात, तिथे तो पोचतो. एक्स्टर्नलप्रोजेक्टनं घेतलेले प्रकल्प मात्र बिल्डच्या वेळी वेगळं सीमेक चालवतात, तिथे तुमचा आदेशासोबत दिलेला (डॅश-डी) फ्लॅग जात नाही. तिसऱ्या लक्षणाचं कारण हेच. तिथे त्याच नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा, आणि ते बिल्डच्या टप्प्यातही दिसत असल्याची खात्री करा. फक्त कॉन्फिगरच्या टप्प्यात एक्स्पोर्ट केलं तर उपयोग नाही.

पायथनच्या ज्या पॅकेजेसमध्ये सेटअप फाइल स्वतः सीमेक बोलावते, त्यांचीही हीच गोष्ट. निक्समध्ये अशा ठिकाणी सीमेकचा स्वतःचा कॉन्फिगर टप्पा बंद केलेला असतो, म्हणून सीमेकफ्लॅग्जमध्ये लिहिलेलं कुठेच जात नाही आणि बघणाऱ्याला वाटतं की फ्लॅग निकामी आहे. रस्ट भाषेच्या क्रेट्समध्ये (पॅकेजेसमध्ये) गुंडाळलेल्या सी लायब्ररींबाबत तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हाच सरळ मार्ग आहे. व्हेंडर केलेल्या (सोर्ससोबत कॉपी करून ठेवलेल्या) क्रेटबरोबर प्रत्येक फाइलचा चेकसम नोंदलेला असतो. आतली सीमेकलिस्ट्स बदललीत तर रस्टचं बिल्ड साधन कार्गो ते क्रेट नाकारतं.

पॅच करताना

संग्रहात कायमचा उपाय म्हणून मला फ्लॅगपेक्षा पॅच आवडतो. फ्लॅग एकदा लागला की तो का लागला हे कुणाला आठवत नाही, अपस्ट्रीम सुधारलं तरी तो तसाच पडून राहतो. अख्ख्या संग्रहाला सीमेकच्या हुकमधूनच (प्रत्येक बिल्डमध्ये आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधूनच) फ्लॅग लावून टाका, असंही सुचवलं जातं. त्यानं आजचा दिवस सुटतो, हे खरं. पण मग कोणतं पॅकेज खरंच सुधारलं आहे आणि कोणतं नुसतं झाकलं आहे, हे सांगता येत नाही. नवी पॅकेजेसही तशीच जुनी ओळ घेऊन आत येत राहतात.

ओळ बदलताना आता ३.५ वर थांबण्यात फारसा अर्थ नाही. सीमेक ३.३१ पासूनच ३.१० च्या खालच्या आवृत्त्यांना इशारा येतो आहे. म्हणजे पुढच्या फेरीत तीही सोय जाणार. चाचणी घ्यायची तयारी असेल तर थेट ३.१० लिहा. अपस्ट्रीमला जुन्या यंत्रणा सोडायच्या नसतील तर किमान-कमाल जोडी सुचवा: २.८, मग तीन टिंबं, मग ३.१०. ही पद्धत ३.१२ पासूनचं सीमेक समजतं, त्याआधीचं तीन टिंबांपुढचा भाग सोडून देतं, आणि ४ ला कमाल आकडा पुरेसा असल्यानं ते तक्रार करत नाही. अपस्ट्रीमकडून सहसा एकच आक्षेप येतो, “आमचे जुने वापरकर्ते तुटतील”. त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

निक्समध्ये ओळ बदलायला सब्स्टिट्यूट-इन-प्लेस वापरत असाल तर रिप्लेस-फेल हाच पर्याय घ्या. शोधलेला मजकूर सापडला नाही तर बिल्ड तिथेच पडतं. हे मुद्दाम हवं असतं: पुढच्या आवृत्तीत अपस्ट्रीमनं ओळ सुधारली की तुमचा बदल अनावश्यक झाला, हे बिल्ड स्वतः ओरडून सांगतं. गुपचूप काहीच न करणारे सेडचे (मजकूर बदलायचे) आदेश संग्रहात वर्षानुवर्षं राहतात. नुसता सेड वापरायचाच असेल तर त्याच्यापुढे ग्रेपची एक खातरजमा ठेवा.

दुसऱ्या लक्षणातल्या ओल्ड मागणाऱ्या ओळी बहुधा सरळ काढून टाकता येतात, पण काढण्याआधी ती पॉलिसी काय करत होती ते वाचा. वारंवार भेटणाऱ्या दोन सांगते. सीएमपी००२६: प्रकल्प टार्गेटचं (बांधायच्या प्रोग्रामचं किंवा लायब्ररीचं) लोकेशन कॉन्फिगरच्याच वेळी विचारतो, ते आता मिळत नाही, त्याजागी टार्गेट-फाइलचं जनरेटर एक्स्प्रेशन लागतं. सीएमपी००४६: अस्तित्वात नसलेल्या टार्गेटवर अवलंबित्व जोडलेलं असतं; ती ओळ आधीही काहीच करत नव्हती, काढली की झालं.

हिरव्या बिल्डची तपासणी

इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) टाकून मोकळे होतात. थोडं थांबा. किमान आवृत्ती २.८ वरून ३.५ वर गेली म्हणजे मधल्या सगळ्या पॉलिसींची वागणूक बदलली, मग ते फ्लॅगनं केलेलं असो की पॅचनं. त्यातल्या काही आवाज न करता बदलतात.

पहिली सीएमपी००४८. जुन्या प्रकल्पांत अशी रचना सर्रास दिसते: वरच्या ओळींत प्रोजेक्ट_व्हर्जन किंवा अमुक_व्हर्जन_मेजर अशी व्हेरिएबलं भरलेली, आणि त्याखाली प्रोजेक्ट हा आदेश, आवृत्तीशिवाय. जुन्या वागणुकीत प्रोजेक्ट त्या व्हेरिएबलांना हात लावत नसे. नव्यात, आवृत्ती दिलेली नसेल तर तो ती रिकामी करतो. कुठलीही चूक येत नाही. बसवलेली पीसी फाइल (पीकेजी-कॉन्फिग या साधनाला लायब्ररीची माहिती देणारी) उघडलीत तर त्यात “व्हर्जन:” ही ओळ दिसते आणि कोलननंतर काहीच नसतं. मग पीकेजी-कॉन्फिगकडे ठरावीक किमान आवृत्ती मागणारं प्रत्येक पॅकेज नकार ऐकतं. लायब्ररीच्या फाइलनावातला आवृत्तीचा शेपटाही गायब होऊ शकतो, आणि त्याबरोबर सोनेम (लायब्ररीच्या आत नोंदलेलं, आवृत्तीसह नाव) बदलतं. दुरुस्ती सोपी आहे: प्रोजेक्टचा आदेश व्हेरिएबलांच्या वर न्या, किंवा त्यालाच आवृत्ती द्या. पण त्यासाठी पीसी फाइल कुणीतरी उघडून बघायला हवी.

दुसरी सीएमपी००६५, आणि हिच्याबद्दल मला खास सांगायचं आहे, कारण हिचा इशारा आपोआप कधी आलाच नाही. बाकी बहुतेक पॉलिसी निदान कुरकुर करत होत्या. ही ठरलेली नसेल तर सीमेक ३ मुकाट्यानं जुनी वागणूक चालू ठेवत असे. ती वागणूक अशी की लिनक्सवर प्रत्येक एक्झिक्युटेबल जोडताना डॅश-आरडायनॅमिक हा पर्याय आपोआप लागायचा आणि प्रोग्रामची स्वतःची सिम्बॉलं (फंक्शनांची, व्हेरिएबलांची नावं) बाहेर दिसायची. प्लगइन उघडणारे कित्येक प्रोग्राम नकळत यावर जगत होते. नव्या वागणुकीत हा पर्याय फक्त एनेबल_एक्स्पोर्ट्स मागणाऱ्यांनाच मिळतो. परिणाम: प्रोग्राम संकलित होतो, सुरू होतो, मदतीचं पानही छापतो, आणि प्लगइन उघडताना “अनडिफाइन्ड सिम्बॉल”. आवृत्ती छापून बघणारी नेहमीची स्मोक टेस्ट याला पकडत नाही. म्हणून प्लगइन, मॉड्यूल किंवा डीएलओपन (चालू असताना लायब्ररी उघडणारं फंक्शन) वापरणारं पॅकेज असेल तर एक तरी प्लगइन प्रत्यक्ष उघडून बघा. त्रास असेल तर त्या टार्गेटला एनेबल_एक्स्पोर्ट्स लावा. सोर्स बदलायचा नसेल तर सीमेक_एनेबल_एक्स्पोर्ट्स ऑन करा.

मॅकवर सीएमपी००४२ कडे लक्ष द्या. तिच्यामुळे डायलिबच्या (मॅकवरच्या सामायिक लायब्ररीच्या) इन्स्टॉल नावात आरपाथ (लायब्ररी शोधायच्या जागांचा संदर्भ) येतो आणि काही पॅकेजेस चालवताना “लायब्ररी नॉट लोडेड” दिसतं.

तुलना करायची सोपी पद्धत: जुन्या आणि नव्या सीमेकनं केलेल्या बिल्डमधल्या फाइलींच्या दोन याद्या काढून त्यांचा डिफ (फरक) घ्या. मग पीसी फाइली आणि सीमेक कॉन्फिग फाइली डोळ्यांनी वाचा. मग मुख्य लायब्ररींचं सोनेम रीडएल्फनं बघा. यावर समाधान झालं नाही तर डिफोस्कोप (फाइलींमधला फरक आतपर्यंत दाखवणारा प्रोग्राम) चालवा. तो खूप तपशील ओततो, पण काही सुटत नाही.

संग्रहाचं गणित

एकेका पॅकेजची दुरुस्ती कळली तरी कोणतं आधी घ्यायचं हा प्रश्न उरतो. नवं सीमेक वेगळ्या शाखेवर लावून सगळं बांधून घ्या आणि पडलेल्यांचे दोन ढीग करा: स्वतः पडलेली, आणि ज्यांची डिपेंडन्सी पडली म्हणून बांधलीच गेली नाहीत ती. निक्सचा बिल्ड सर्व्हर हायड्रा हे दोन प्रकार वेगळे दाखवतो. दुसऱ्या ढिगाकडे सुरुवातीला ढुंकूनही बघायचं नाही. पहिल्या ढिगाची क्रमवारी त्यांच्यावर किती पॅकेजेस अवलंबून आहेत यावरून लावा आणि वरून खाली या. वरची थोडी पॅकेजेस उठली की दुसरा ढीग झपाट्यानं कमी होतो. त्यातून नवी नावं पहिल्या ढिगात येतात, ते अपेक्षितच आहे.

ज्या पॅकेजवर खूप काही अवलंबून आहे त्याचा बदल निक्समध्ये स्टेजिंग शाखेवर जातो, तिथून स्टेजिंग-नेक्स्ट आणि मग मास्टर. टोकाच्या (ज्यांवर दुसरं काही अवलंबून नाही अशा) पॅकेजेसचे पॅच मात्र थेट मास्टरवर, सीमेक बदलण्याच्या आधीच घालता येतात, कारण सुधारलेली ओळ जुन्या सीमेकवरही चालते. ही सवलत पुरेपूर वापरा. जितकी दुरुस्ती आधी होईल तितकी प्रत्यक्ष बदलाची शाखा लहान राहते आणि तपासणारा माणूस ती नीट वाचू शकतो. प्रत्येक पॅकेजचा वेगळा कमिट ठेवा. काही बिघडलं तर तेवढाच मागे घेता येतो. पुल रिक्वेस्ट उघडण्याआधी निक्सपॅकेजेस-रिव्ह्यू चालवून अवलंबून असलेली पॅकेजेसही बांधून बघा.

कुठे थांबायचं

सोनेम किंवा लायब्ररीचं फाइलनाव बदललेलं दिसलं आणि वरच्या उपायानं परत येत नसेल, तर थांबा. तो निर्णय अपस्ट्रीमचा आहे. वितरणानं स्वतःचं सोनेम ठरवलं की बाहेर बांधलेले प्रोग्राम तुटतात.

क्रिप्टोग्राफी, टीएलएस, कंपायलर, किंवा खुद्द सीमेक ज्यांवर उभं आहे अशा लायब्ररी यांत अंदाजानं पॅच लावू नका. तिथे एखादा पर्याय चुकून बंद झाला तरी बिल्ड हिरवंच राहतं. त्या विभागाच्या मेंटेनरांना (सांभाळणाऱ्यांना) बोलवा आणि त्यांनी बघेपर्यंत ते पॅकेज सीमेक ३ वर राहू द्या.

ज्या प्लॅटफॉर्मचं यंत्र तुमच्याकडे नाही, त्यावरची वागणूक बदलणारा पॅच एकट्यानं पुढे नेऊ नका. मॅकवाल्याला मॅकवर चालवून बघायला सांगा.

पॅच किमान आवृत्तीची ओळ सोडून बिल्डची रचनाच बदलू लागला, फाइंड मॉड्यूलं नव्यानं लिहावी लागली, तर तो तुमच्या संग्रहात ठेवायचा पॅच उरलेला नाही. अपस्ट्रीमकडे इश्यू उघडा. अपस्ट्रीम बंद पडलेलं असेल आणि संग्रहातही कुणी मेंटेनर नसेल, तर पॅकेज ब्रोकन म्हणून खूण करा आणि ते काढून टाकण्याची चर्चा सुरू करा. सी++ च्या मृत प्रकल्पाला सीमेक ४ नंतर पुढचा कंपायलरही पाडणारच आहे.

कंपनीच्या चालू उत्पादनात हे घडलं असेल तर सीमेक ३.३१ वर पिन करा (तीच आवृत्ती पक्की ठेवा), ग्राहकांकडे जाणारं बिल्ड वाचवा, आणि रिलीज इंजिनिअरला किंवा पैसे घेऊन सीमेकचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. पायथनच्या बाजूला बिल्डच्या गरजांच्या यादीत सीमेक ४ पेक्षा कमी असा बंध घातला की तेवढ्यापुरतं भागतं.

कुणालाही बोलावताना चार गोष्टी सोबत द्या: लॉगमधली पहिली चूक तिच्या पूर्ण पत्त्यासह, बिल्डच्या आत छापलेली सीमेकची आवृत्ती, सोर्सची नेमकी आवृत्ती किंवा कमिट, आणि फक्त फ्लॅग लावल्यावर काय होतं ते. बिल्ड पास होत असेल पण वस्तू बिघडलेली असेल तर फाइलींच्या दोन याद्यांचा डिफही जोडा.